भिंत कोणत्या हाताला होती

ती केस आठवायला मला डोळे मिटून बसावं लागत नाही. कुठल्याही देवळात प्रदक्षिणेसाठी पाऊल उचललं की ती आपोआप समोर येते आणि मी थबकतो. मागून येणारी मंडळी वैतागतात, बायको कोपर मारते, मग मी चालू लागतो.

मी मूळचा नागपूरचा. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर कार्डिफला आलो आणि पुढे इथल्याच पोलीस दलात भरती झालो. आजोबांना दर रविवारी मराठीत पत्र लिहिल्याशिवाय आई जेवायला वाढत नसे, म्हणून आज हे लिहू शकतोय. निवृत्त झालो तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी जुनी आठवण विचारली की मी सांगतो ती ही केस, जिच्यात गुन्हेगार म्हणावा असा कोणी नव्हता. नावं कोणाचीच लिहीत नाही. सगळे हयात आहेत आणि दर वर्षी मंडळाच्या गणपतीत भेटतात.

ऑक्टोबरमधला सोमवार होता. सकाळचं ब्रीफिंग संपतंय तोवर खालच्या काउंटरवरून फोन आला की दोन बायका आल्या आहेत आणि त्यांना माझ्याशीच बोलायचंय. खाली गेलो तर साठीच्या एक बाई आणि त्यांची शाळेत शिक्षिका असलेली मुलगी. दोघींना मी मंडळामुळे ओळखत होतो. बाईंचे यजमान इथल्याच रुग्णालयातून निवृत्त झालेले भूलतज्ज्ञ. सारं कार्डिफ त्यांना नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतं, मीही तेच म्हणतो. डॉक्टर एका मित्राबरोबर चीनमधल्या सिच्वानच्या पश्चिमेला, तिबेटी वस्तीच्या डोंगराळ भागात गेले होते. मित्र रविवारी परत आला. डॉक्टर आले नाहीत.

हा मित्र पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, डॉक्टरांहून पाचसहा वर्षांनी लहान. गेली कित्येक वर्षं दोघं मिळून मंडळाचा हायकिंग ग्रुप चालवत. पाऊस असो नाहीतर वारा, एक रविवार सोडून एक रविवार पेन-इ-फानचा डोंगर ठरलेला. ग्रुपचा नियम एकच, डोंगरावर कोणाला एकटं सोडायचं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांच्या घरी जेवताना मित्राने बाईंना शब्द दिला होता, “वहिनी, मी त्यांना एकटं सोडणार नाही.”

मित्राने तिकडच्या पोलिसांना जे सांगितलं होतं ते असं. रस्ता संपतो तिथून दोघं चालत निघाले. गुराख्यांच्या उन्हाळी झोपड्यांवरून, खिंड ओलांडून तिसऱ्या दिवशी त्या दूरच्या गावात पोचले. गावात मठ आहे, त्याचा उत्सव चालू होता, बाहेरचे पुष्कळ लोक आले होते. रात्री तिथेच मुक्काम केला. सकाळी मित्र झोपलेला असताना डॉक्टर एकटेच गावावरच्या कड्याकडे फिरायला गेले, ते परतलेच नाहीत. त्यामुळे तिकडची पथकं चार दिवस गावाच्या वरचा डोंगर पिंजून काढत होती.

परदेशात हरवलेल्या माणसाबाबत आमचे हात थोडेच पोचतात. तक्रार नोंदवायची, जोखीम ठरवायची, घराची पाहणी करायची, शेवटचं पाहणाऱ्याचा जबाब घ्यायचा आणि सगळं परराष्ट्र खात्यामार्फत पुढे पाठवायचं. डीएनएसाठी टूथब्रशही मागावा लागतो. तो कशाला हवा हे मी बाईंना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तासाभरात मुलगी तो एका पिशवीत घालून घेऊन आली. बरोबर एक निळी वही होती.

“काका, ही बाबाचा वही आहे,” ती म्हणाली. “सगळा प्लॅन त्यात लिहिला आहे. पण मला वाचता येत नाही. आईला विचारलं तर ती पहिल्या पेजलाच रडते.”

इथे जन्मलेली मुलगी, मराठी ऐकत वाढलेली, वाचायला कोणी शिकवलं नाही. वडील हरवलेत आणि त्यांनी हाताने लिहिलेलं तिच्या मांडीवर बंद पडून आहे. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मी वाचतो, काळजी करू नकोस.

आणि वाचली. म्हणजे दुपारच्या सँडविचबरोबर चाळली. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांसारखंच. रस्ता, मुक्काम, बसच्या वेळा, फोन नंबर, एवढं मी एका कागदावर इंग्रजीत उतरवलं आणि वही टेबलाच्या खणात टाकली. या केसमधली सगळ्यात मोठी चूक तिथे झाली, आणि ती माझी.

दुपारी मित्राचा जबाब घेतला. तो साक्षीदार म्हणून स्वतःहून आला होता. माझ्याबरोबर माझी डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होती. हुद्द्याने माझ्याखालची, वयाने मोठी, वेल्श खोऱ्यातल्या खाणकामगाराची मुलगी. तिचा एक खाक्या होता. जबाबातलं प्रत्येक वाक्य ती सुटं काढायची आणि त्याच्यासमोर दुसरीकडून आलेला पुरावा लिहायची. पुरावा नसेल तिथे रिकामी चौकट. तिच्या या चौकटींना आख्खं ठाणं कंटाळलं होतं.

मित्राने व्यवस्थित सांगितलं. तुपाचे दिवे, लांबलचक कर्णे, मुखवट्यांचा नाच, मंत्र कोरलेल्या दगडांची लांब भिंत. तो म्हणाला की गावकऱ्यांबरोबर आम्ही मठाला तीन प्रदक्षिणा घातल्या, भिंत उजव्या हाताला ठेवून, प्रार्थनेची चक्रं फिरवत, अगदी आपल्याकडे घालतात तशा. मी मान डोलावली. तिने प्रदक्षिणा म्हणजे काय विचारलं, तर मी टेबलावरचा मग मध्ये ठेवून बोट फिरवून दाखवलं. देव नेहमी उजव्या हाताला, असं मोठ्या अधिकाराने सांगितलं. तिने लिहून घेतलं. खिंडीनंतरचे फोटो मात्र नव्हते. थंडीने फोनची बॅटरी बसली, तो म्हणाला. तसं होतंही.

तो गेल्यावर ती म्हणाली, “दिसलं ते सगळं सांगतोय, सोसलं ते काहीच नाही. एवढ्या लांबच्या गावात रात्र काढली आणि याला एकदाही टॉयलेट शोधावं लागलं नाही?”

मी हसण्यावारी नेलं. मित्र हरवलेला माणूस टॉयलेटबद्दल कशाला बोलेल?

मंगळवारी फोन आला. बाईचा आवाज. नाव सांगणार नाही म्हणाली. गणपतीत दोनशे मोदक करणाऱ्या बाईंचा आवाज मला ओळखू येणार नाही असं त्यांना का वाटलं कोण जाणे, पण मी ओळख दाखवली नाही.

“तो आल्यापासून डॉक्टरांकडे गेलाच नाहीये,” त्या म्हणाल्या. “काल पोलीस स्टेशनला जाऊन आला, आज वर्क फ्रॉम होम करतोय. पण त्यांच्या घरी एकदाही नाही. हे नॉर्मल आहे का, तुम्हीच सांगा.”

माझ्या सहकारीणबाईंना यात काय विशेष ते कळेना. मी तिला समजावलं की आमच्यात अशा वेळी जन्माचा वैरीसुद्धा दारात येऊन उभा राहतो. इथे तर रोज घरी जेवणारा माणूस पाठ फिरवून बसलाय. तिने नवी चौकट आखली.

बुधवारी मी त्याच्या घरी गेलो. दाढी वाढलेली, टेबलावर न प्यायलेल्या चहाचे तीन कप. तुम्ही वहिनींना भेटला नाहीत, असं म्हटल्यावर तो खाली बघत म्हणाला, “अहो, कुठल्या तोंडाने जाऊ?”

हे उत्तर इतकं आपल्यातलं होतं की माझं समाधान झालं. वाटलं, खरंच, शब्द देऊन एकटा परत आलेला माणूस कुठल्या तोंडाने जाणार? आज कळतं की त्याने खरंच सांगितलं होतं. मी फक्त अर्धं ऐकलं.

त्याच दुपारी दूतावासाकडून निरोप आला. हिमवर्षावाचा अंदाज आहे, गावावरचा सगळा भाग दोनदा पाहून झालाय, शनिवारनंतर शोध थांबवावा लागेल. मी तो बाईंना जाऊन सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “शनिवार इथला की तिथला?” वेळेतल्या सातआठ तासांचाही त्यांना हिशेब हवा होता. मी ठाण्यावर परतलो तो मनाशी ठरवून, की शनिवारच्या आत हा माणूस कुठे गेला ते कळलंच पाहिजे.

गुरुवारी सकाळी सहकारीणबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, ती वही काढ. तू सारांश दिलास, मला सगळी हवी. प्रत्येक ओळ, खरेदीची यादीसुद्धा. इथे ती वाचू शकणारा एकटा तूच आहेस, म्हणजे तू जे वगळलंस ते कोणीच वाचलेलं नाही.

मला राग आला. वीस वर्षं डिटेक्टिव्हगिरी केलेल्या माणसाला कोणी गृहपाठ दिला तर येईल तसा. पण तिचं चुकत नव्हतं. मी वाचत गेलो, ती टाइप करत गेली. लोकरीचे मोजे चार जोड. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या. चिवडा, दोन पाकिटं. मुलीला तिथून काय आणायचं. अकराव्या पानावर मी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो.

तिथे लिहिलं होतं: “गाव बोन पंथाचं. बाकीच्या तिबेटी गावांच्या उलट. इथे देऊळ आणि मंत्रांची भिंत डाव्या हाताला ठेवून फिरतात. चक्रंही उलटी.” आणि त्याखाली मित्राचं नाव लिहून: “याला वेशीवर सांगणे. आधी सांगून उपयोग नाही, हा विसरणार.”

सोमवारी या ओळींवरून माझी नजर गेली होती. देवाधर्माची टीप म्हणून मी ती ओलांडली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा माझ्याच खणात होता. बोन हा तिबेटमधला फार जुना धर्म. तिथले बौद्ध आपल्यासारखेच उजवीकडून फिरतात, बोन पंथाचे डावीकडून. हे मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मित्राने प्रदक्षिणा घातली म्हणताच मला सगळं ओळखीचं वाटलं आणि जिथे प्रश्न विचारायचा तिथे मी मग ठेवून प्रवचन दिलं.

लगेच उड्या मारायच्या नाहीत, एवढं या नोकरीने शिकवलं होतं. तिकडे राहून अभ्यास केलेल्या विद्यापीठातल्या एक बाई आम्ही शोधल्या आणि फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, त्या गावात उजवीकडून फक्त पाहुणे चालतात, आणि कोणीतरी म्हातारी त्यांना दंडाला धरून वळवते. उत्सवात तर शेकडो माणसं डावीकडून चाललेली असतात. त्या गर्दीतून तीन उलटे फेरे घालून ते लक्षात न येणं शक्य नाही.

शुक्रवारी सकाळी मित्राला पुन्हा बोलावलं. या वेळी साक्षीदार म्हणून नव्हे. त्याचे हक्क वाचून दाखवले, वकील शेजारी बसला, रेकॉर्डिंग चालू झालं. मुलाखत इंग्रजीत होती. मी त्याला पुन्हा गावात जायला लावलं, वेशीपासून. तो दिवे, कर्णे, नाच यावरून भराभर गेला. मी थांबवून विचारलं, “भिंत कोणत्या हाताला होती?”

“उजव्या.”

“नक्की?”

“ऑफ कोर्स उजव्या,” तो मराठीत शिरला. “अहो, तुम्हाला काय सांगायचं?”

मी वहीचं अकरावं पान त्याच्यासमोर सरकवलं आणि वाचायला सांगितलं. ते अक्षर त्याला माझ्यापेक्षा बरं वाचता येत होतं. त्याचे ओठ हलताना दिसले. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर त्याने चष्मा काढला. वकील काहीतरी म्हणायला गेला, त्याने हात वर करून त्याला थांबवलं.

“मला वेशीवर सांगणार होते,” तो म्हणाला.

“सांगितलं का?”

त्याने पान माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाला, “मी वेशीपर्यंत गेलोच नाही.”

पुढचं सगळं मराठीत आलं. मुलाखत घेणारा मीच असल्यामुळे त्याचं भाषांतर नंतर दुसऱ्या दुभाष्याकडून करून घ्यावं लागलं, पण मला थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी गुराख्यांच्या झोपड्यांपाशी त्याचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या. विरळ हवेचा त्रास. डॉक्टरांनी त्याला तपासून खाली जायला सांगितलं. दुसऱ्या वाटेने खाली दोन तासांवर ट्रकचा रस्ता होता. बरोबर येतो म्हणाले, पण नजर खिंडीवर. यानेच आग्रह केला की तुम्ही जा, मी उतरतो, तुम्ही गावाकडून जीपने शहरात या. नियम दोघांनी मिळून मोडला. डॉक्टरांना खिंडीकडे चढताना त्याने डोळ्यांनी पाहिलं. ते चौथ्या दिवशी आले नाहीत, पाचव्या दिवशीही नाहीत, तेव्हा तो पोलिसांकडे गेला.

“मला वाटलं, ते गावात पोचले असणारच. काय झालं ते तिथून पुढे झालं असणार. मी फक्त स्वतःला त्यांच्यासोबत ठेवलं, वर्णन वाटेत पाहिलेल्या दुसऱ्या मठाचं केलं. एकटं सोडलं असं वहिनींना कसं सांगू? शोधावर काय फरक पडणार होता?”

फरक हा पडला होता, की डॉक्टरांना गावात पाहिलं असं सांगणारा जगात हा एकटाच होता. उत्सवाच्या गर्दीत गावकऱ्यांना कोण आलं, कोण नाही ते सांगता येईना. याच्या शब्दावर सगळी पथकं खिंडीच्या पलीकडे होती. अलीकडे कोणी पाऊलही टाकलं नव्हतं. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून रडला. मला त्याची दया आली नाही. त्या क्षणी तरी नाही.

रेकॉर्डिंग बंद केल्यापासून वीस मिनिटांत निरोप गेला: गाव सोडा, खिंडीच्या दक्षिणेला झोपड्या पाहा. तिकडे तेव्हा संध्याकाळ होती. मित्र ठाण्यातून बाहेर पडला आणि थेट डॉक्टरांच्या घरी गेला. दारात उभ्या उभ्या त्याने बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं फोनपाशी बसलो होतो. सहकारीणबाईने चहा केला, माझ्या कपात साखर घालायला विसरली, मी तसाच प्यालो. साडेनऊच्या सुमारास कळलं. झोपडीत एक माणूस सापडला होता. जिवंत.

खिंडीच्या खाली बर्फ लागल्यावर डॉक्टर शहाणपणाने मागे फिरले होते. उतरताना घसरले, डाव्या पायाचा घोटा मोडला. सरपटत झोपडीपर्यंत आले. गुराखी खाली गेलेले, पण कोपऱ्यात थोड्या गोवऱ्या आणि पिशवीभर सातूचं पीठ ठेवलेलं. ते पीठ, बर्फाचं पाणी आणि चिवडा यावर त्यांनी बारा दिवस काढले. मी बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, “मोजे होते का पायात?” होते. तरी उजव्या पायाची दोन बोटं गेली.

डॉक्टर परत आल्यावर शेवटचा जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो. जखमी पायाने खाली रस्त्याकडे जायचा प्रयत्न का केला नाहीत, असं विचारलं. ते म्हणाले, “ही झोपडी त्याला माहीत होती ना. म्हटलं, तो माणसं घेऊन येईल तर इथेच येईल.” मी ते लिहून घेतलं. लिहिताना मान वर केली नाही.

मित्राला खोट्या माहितीबद्दल रीतसर ताकीद मिळाली. कोर्टापर्यंत गेलं नाही. डॉक्टर त्याच्याशी सात महिने बोलले नाहीत. मग एका रविवारी ते काठी टेकत हायकिंग ग्रुपच्या गाडीत जाऊन बसले. शेजारची जागा रिकामी ठेवली आणि मित्राला म्हणाले, “तू चुकणार हे मीच लिहून ठेवलं होतं. माझ्याच डायग्नोसिसवर किती दिवस रागावू?”

या केसने मला काय शिकवलं ते सांगतो. परक्या माणसाचं खोटं पकडणं सोपं असतं, कारण आपण त्याला पावलोपावली विचारतो. आपल्या माणसाचं खोटं आपण पुरं करून देतो. मी भाषा जाणणारा म्हणून ती केस माझ्याकडे आली, आणि चार दिवस मीच तिच्या आड उभा होतो. ती चौकटी आखणारी बाई नसती, तर डॉक्टर त्या झोपडीत कायमचे राहिले असते. तिच्या निवृत्तीच्या समारंभात मी हे सगळ्यांसमोर कबूल केलं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी ते गाव पाहायचंच म्हणून हट्ट धरला. दुसऱ्या बाजूने जीप जाते, शेवटचा तासभर चालावं लागतं. वहिनींनी एकच अट घातली, की त्या दोघांबरोबर मी असलो पाहिजे. पुन्हा शब्द घ्यायचा तर त्यांना आता पोलीस हवा होता.

सकाळी दहाच्या उन्हात आम्ही वेशीपाशी पोचलो. समोर दगडांची लांब भिंत, प्रत्येक दगडावर कोरलेली अक्षरं, वर मठाचं लाल छप्पर. मित्राच्या दोन्ही खांद्यांवर सॅक होत्या, एक त्याची, एक डॉक्टरांची. डॉक्टर थांबले. काठी भिंतीला टेकवली, दम खाल्ला आणि मित्राकडे वळले.

“आता ऐक,” ते म्हणाले. “इथे भिंत डाव्या हाताला ठेवायची.”

हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक होतं, दिवसातून दहा वेळा आठवत असणार. पण त्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली. “बरं डॉक्टर,” एवढंच म्हणाला आणि त्यांचा हात धरून चालू लागला.

त्यांना जरा मोकळीक द्यावी म्हणून मी बाजूने पुढे निघालो. दहा पावलं गेलो असेन, तेवढ्यात एका म्हातारीने येऊन माझा दंड घट्ट धरला आणि काही न बोलता मला उलटं वळवलं. मागून डॉक्टर हसत होते. भिंत तोवर माझ्या उजव्या हाताला होती.